फोन फ्रीजच्या पाठीला लावा

“बाई, तुमी जरा गप ऱ्हावा. फोन फ्रीजच्या पाठीला लावा. त्याला बोलू द्या.”

आमच्या फ्रीजच्या मिस्त्रींचं पहिलं वाक्य हेच. नमस्कार नाही, बरंय का नाही. ते पोलादपूरच्या वरच्या वाडीत राहायचे, आम्ही महाडला. एवढ्यातेवढ्यासाठी एसटीने खाली उतरणं त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून निम्मे रोग ते घरबसल्या कानानेच ओळखायचे. मी जन्मभर वर्गात पोरांना गप बसवलं. मला गप बसवणारा हा एकच माणूस भेटला.

आणि सांगितलेलं खरं निघायचं, हाच तर राग. “भिंतीला चिकटवलाय, पुढं ओढा,” म्हणाले की ओढताच घरघर थांबायची. दार लागत नाही म्हटलं, तर दाराचं रबर पुसायला लावलं. कोकमाचं आगळ सांडून ते चिकट झालं होतं.

एक गोष्ट मात्र ते दरवेळी बजावायचे. बर्फ साचला तर फ्रीज बंद करून दार उघडं ठेवायचं, सुरी लावायची नाही. मला कळत नव्हतं असं नाही हो. पण घाई माझ्या पाचवीलाच पुजलेली.

एका संध्याकाळी बर्फात माशांचा डबा अडकला आणि मी सुरी लावली. दोन घाव घातले, आणि आतून फुस्स आवाज सुरू झाला तो थांबेचना. वास कसलाच नव्हता. घाबरून मिस्त्रींना फोन लावला. त्यांना तो आवाज तसाच ऐकू गेला.

“सुरी लावलीत ना?” मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. “नव्या फ्रीजचा गॅस पेटतो, बाई. घरात दिवा हाय का?”

देवघर फ्रीजपासून चार हातांवर. दिवेलागणीची वेळ. सासूबाई पाटावर बसलेल्या, हातात काडेपेटी, कानातलं यंत्र काढून ठेवलेलं. मी ओरडले. त्यांना ऐकूच गेलं नाही. त्यांनी पेटीतून काडी काढली.

मी धावत जाऊन पेटी हिसकावली आणि त्यांना दंडाला धरून उठवलं. फोनमधून मिस्त्री एकेक सांगत होते. बटनाला हात नको. खिडकी उघडा. बाहेर या. मेन स्विच बाहेरच्या मीटरवरनं पाडा. अंगणात सासूबाई माझ्यावर भडकल्या, देवाच्या दिव्याची काडी हिसकावतेस म्हणजे काय! मी त्यांना घट्ट धरून रडत होते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री पहिल्या एसटीने आले. वाटलं, आता खरडपट्टी निघणार. फुटलेली नळी जोडून, गॅस भरून झाल्यावर त्यांनी ओट्यावरची सुरी उचलली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पिशवीत टाकली.

“ही माज्याकडं ऱ्हाऊ द्या,” एवढंच म्हणाले.

परवा फ्रीज पुन्हा घरघरायला लागला. सवयीने त्यांचा नंबर लावला आणि पलीकडून कुणी बोलायच्या आतच फोन फ्रीजच्या पाठीला धरला. बराच वेळ धरला. कानाशी घेतला तर त्यांच्या बायकोचा आवाज. मिस्त्री जाऊन महिना झाला होता. आम्हाला कळवणार कोण?

ठेवते, म्हटलं.

“नका ठेवू, बाई. ते स्पीकरवर लावून ऐकायचे. घरात रोज असाच आवाज असायचा. जरा परत लावा तिथं.”

मी फोन फ्रीजच्या पाठीला लावला आणि गप उभी राहिले.