आर्थरचं दुखणं

लंडनजवळच्या हॅरोतल्या घोरपड्यांच्या घरात नवरा, बायको आणि लेक यांच्याखेरीज चौथाही एकजण नांदत होता: चेस्टर आर्थर. एकेकाळचा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष, पण शंभर वर्षांत त्याच्याच देशाला त्याचा विसर पडलेला. सुलक्षणाबाई कॉलेजात इतिहास शिकवायच्या आणि कित्येक वर्षं हात धुऊन त्याच्या मागं लागल्या होत्या.

"बायकांना सवत असते," डॉक्टर शशिधर पाहुण्यांना सांगायचे, "मला हा मेलेला अमेरिकन आहे!"

आर्थरच्या किडन्या नासल्या होत्या आणि त्यानं ते अख्ख्या देशापासून लपवलं. त्या दुखण्याची लक्षणं बाईंना शिकवली शशिधरांनीच. "आधी पाय सुजतात, मीठ तोडावं लागतं. माणूस दमतो, आणि वयावर ढकलतो."

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या मार्चात शशिधरांनी ताटातलं मीठ बोटानं बाजूला सारलं. लोणचंही. कोल्हापूरचा गडी तो! मग एक नंबर मोठे बूट आणले. बाईंनी दोन्ही हेरलं.

त्या रविवारी त्यांनी नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. "अहो, रक्त तपासलंत?"

"उगं काय बी! ते आर्थरचं भूत उतरव आधी."

"मग मीठ का सोडलंत?"

शशिधरांनी जिन्याकडं पाहिलं. वर मंजिरी साडीला इस्त्री करत होती. तिच्या लग्नाची तारीख धरायला क्रॉयडनचे सोयरे येणार होते.

"लग्न होऊ दे," ते दबक्या आवाजात म्हणाले. "बापाचं दुखणं लोक पोरीला चिकटवतात. दोन-तीन महिन्यांनी काय बिघडतंय?"

"आर्थर पायउतार झाल्यावर दोन वर्षंही जगला नाही."

"तोंड उघडलंस आणि पोरीचं मोडलं, तर पाप तुझ्या माथी."

तेवढ्यात बेल वाजली.

चहा झाला, चिवडा झाला. मुलाची आई सुप्रभाताई म्हणाल्या, "जूनमधला शनिवार धरू या का? हॉल मिळतोय."

"धरा की!" शशिधर मोठ्यानं हसले.

 बाईंनी लेकीकडं एकदा पाहिलं.

"जूनचं आज नाही सांगता येणार. यांच्या किडनीचं काहीतरी बिघडलंय. उद्या तपासायला नेतेय मी."



"बाबा? इज इट ट्रू?" मंजिरी म्हणाली.

शशिधर बायकोकडं वैऱ्याकडं बघावं तसे बघत राहिले. सुप्रभाताईंनी बशी खाली ठेवली, पदर सावरला.

"केव्हापासून, डॉक्टर?"

काहीतरी थट्टेचं बोलायला शशिधरांनी तोंड उघडलं. थट्टा सुचली नाही.

"गणपतीपासून," ते म्हणाले.

बाईंनी बोटांवर महिने मोजले; सहा उलटून गेले होते. त्या महिनाभराचंच दुखणं धरून चालल्या होत्या.