भाऊजींना गाणं लागत नसे

शाळेत शिकवून मुधोळच्या घरी पोहोचले आणि भाच्याचा फोन आला. दुपारी जेवून आडवे झालेले अशोकभाऊजी उठलेच नव्हते... माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आदिलाबादच्या तहसील कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. महिना उलटून गेला. आता त्यांच्या आठवणीनं रडू कमी, हसूच जास्त येतं. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांना गाणं लागतच नसे.

आणि बायको मात्र गाणारी! ताई गायला बसली की बाया हातातलं काम टाकून येत. लग्नानंतर लवकरच तामसीला तिचा कार्यक्रम झाला. अख्ख्या मंडपाचे डोळे भरले, भाऊजी तेवढे कोरडे. येताना बसमध्ये ताईनं विचारलं, कसं झालं? खोटं बोलणं त्यांना जमत नसे. मला काहीच वाटलं नाही, म्हणाले. ताईनं घरात गुणगुणणंसुद्धा सोडलं. आपलं काहीच या माणसाच्या आत पोचत नाही, असं तिनं मनाशी धरलं.

ते गप्प घर भाऊजींना सोसेना. ते कान तपासून घेऊन आले. कान उत्तम होते. डॉक्टरांनी समजावलं, की काही माणसांच्या मेंदूत कान आणि आनंद यांच्यातली वाट कच्ची असते. सूर ऐकू येतात, पण अंगावर काटा येत नाही. माया, दुःख, बाकी सगळं जागच्या जागी असतं. घरी येऊन भाऊजी चुलीपाशी ताईसमोर बसले.

"तुह्या गाण्यानं मले काही होत नाही. पण गाताना तुले जे होते, ते पाहाले मी कुठंबी येईन. काऊन बंद केलं तू?"

तव्यावरची भाकर करपली, असं ताई आजही सांगते.

पुढं प्रत्येक कार्यक्रमाला भाऊजी हजर. बसायचे मात्र बाजूला, जिथून ताईही दिसेल आणि लोकही. परत येताना सगळं सांगायचे... कोणत्या ओळीला म्हातारीचा हात छातीवर गेला, भांडणारी पोरं कधी थांबली, कोणाची बिडी हातातच विझली. ताई त्यावरून पुढची गाणी ठरवायची. गाणं माणसाला काय करतं, हे त्यांच्याइतकं निवांतपणे कोणी पाहिलं नसेल. आम्ही सगळे ऐकण्यात बुडालेलो असायचो ना...

परवा वांकिडीला एका नामकरणाला ताईला बोलावणं आलं. ती जाईल असं वाटलं नव्हतं, पण गेली. मीही सोबत होते. ती छान गायली. बसमध्ये बसल्यावर म्हणाली, "बाळाच्या आजीनं दुसऱ्या कडव्याले डोयाले पदर लावला. पाह्यलं का तू?"

मी पाहिलं नव्हतं. मी गाणं ऐकत होते.