तवमणीच्या हातच्या वेण्या

बेटाच्या उत्तरेकडच्या आमच्या तमिळ मुलखात, मुळ्ळियवळैच्या शाळेत मुलींनी दोन वेण्या घालायच्या, दुमडून कानामागे वर घ्यायच्या आणि मरून फितीनं बांधायच्या, असा नियम आहे. ज्यानं तो केला त्याचं भलं होवो. शाळेच्या वळणावर माझं दुकान आहे आणि फिती मी विकते. पोरींना अर्थातच नियम आवडत नाही. एकीला पोनी हवी असते, दुसरीला नुसती क्लिप. सकाळी घाईघाईत येतात, माझ्या पायरीवर एकीमागे एक बसतात, दातांत फीत धरून एकमेकींच्या वेण्या घालतात आणि त्यातही भांडतात. ज्यांचे केस खांद्याच्या वर असतील त्यांना हेअरबँड चालतो. त्या ऐटीत पुढे निघून जातात.

याळिनी कधी माझ्या पायरीवर बसली नाही. ती घरूनच तयार होऊन यायची. भांग सुतासारखा सरळ, दोन्ही वेण्या सारख्या, एक केस इकडचा तिकडे नाही. त्या तिची आई तवमणी घालायची. ही गोष्ट तवमणीचीच आहे.

तिचं घर माझ्या दुकानामागे. आमची विहीर एक. नवरा शेवटच्या लढाईच्या सुरुवातीलाच गेला. ती शाळेत पोरांसाठी भात आणि परिप्पूची डाळ रांधते. कामाला चोख, पण तिच्याशी बोलणं म्हणजे मोठं संकट. मी दहा गोष्टी सांगाव्यात, तेव्हा ती "हं" म्हणणार. मी काही गप्प बसणारी बाई नाही, म्हणून आमचं जमलं. एकदा उकळती पेज तिच्या हातावर सांडली. मी ओरडले. तिनं हात पदराला पुसला आणि वाढत राहिली. संध्याकाळी फोड आलेला पाहून मी विचारलं, दुखत नाही का गं? "दुखत असेल," ती म्हणाली. दुसऱ्या कुणाच्या हाताबद्दल बोलावं तशी.

फक्त वेण्या घालताना तिचा हात जिवंत वाटायचा. सकाळी विहिरीजवळच्या पायरीवर याळिनीला पुढ्यात घेऊन बसायची आणि इतक्या घट्ट वेण्या घालायची की पोरीच्या डोळ्यांत पाणी यायचं.

"अम्मा, माझ्या भुवया कपाळावर गेल्या."

"जाऊ देत."

"मान तरी इथंच राहू दे. वर्गात लागते."

मी हसायचे, याळिनी हसायची. तवमणी फितीची गाठ मारून उठायची आणि चुलीकडे जायची.

या वर्षी शाळेत उवा झाल्या. त्यात नवल काही नाही, बाकावर चिकटून बसणाऱ्या पोरी त्या. बाकीच्यांच्या गेल्या, पण याळिनीच्या कमरेपर्यंतच्या केसांत त्यांनी संसार थाटला. कडुलिंब झाला, रॉकेल झालं, बारीक फणी झाली. मानेवर खाजवून खाजवून जखमा झाल्या, त्या पिकल्या. शेवटी नर्सबाईंनी सांगितलं की केस कापा, नाहीतर औषध लागू पडणार नाही. वर्गाच्या बाईंनी डोकं स्वच्छ होईपर्यंत शाळेत येऊ नको म्हणून घरी पाठवलं. परीक्षा तोंडावर आलेली.

याळिनी माझ्याकडे आली. "पवळम मामी, तू सांग ना अम्माला. खांद्याच्या वर कापले तरी पुरे. हेअरबँड लावला की झालं. तिचाही वेळ वाचेल."

"तूच सांग की. तोंड आहे ना तुला?"

"सांगितलं. ती उठून गेली."

मी काय ते ओळखलं. लढाईच्या शेवटच्या महिन्यांत तवमणी आणि मी एकाच बंकरमध्ये होतो. याळिनी तेव्हा लहान होती, पण तिची थोरली बहीण सुगिर्ता सोळा वर्षांची होती, आणि सोळा वर्षांची मुलगी घरात असणं हीच त्या दिवसांतली सगळ्यात मोठी भीती. इयक्कमची, आमच्याच बंडखोरांची, माणसं घरटी पोरं लढायला ओढून नेत होती. पळाल्या तरी ओळखू याव्यात म्हणून मुलींचे केस आधी कापायची. तवमणीनं सुगिर्ताला जमिनीत पुरलेल्या पिंपात लपवून ठेवलं होतं. वर फळी आणि फळीवर चूल. माणसं आली की तवमणी त्या चुलीवर भात शिजवत बसायची. तिची पोरगी त्यांच्या हाती लागली नाही.

पण पिंपात ना उजेड ना पाणी. सुगिर्ताच्या डोक्यात उवांची खाण झाली. एक दिवस तवमणीनं माझ्यासमोर कात्री घेतली आणि केस मुळापासून उतरवले. सुगिर्ता रडली. तवमणीनं ते केस वाळूत पुरले आणि म्हणाली, "वाढतील. केसच तर आहेत."

मग लढाई संपली. आम्ही सगळे रांगेत चालत पलीकडे गेलो, लष्कराच्या चौकीपाशी. तिथे शिपाई आखूड केसांच्या मुलींना बाजूला काढत होते. आखूड केस म्हणजे इयक्कमची, एवढंच त्यांना ठाऊक. तवमणी सांगत राहिली, "उवा होत्या, मी कापले." आमची भाषा कुणाला येत नव्हती. तिनं स्वतःचं डोकं खाजवून दाखवलं, बोटांनी केस कापल्याची खूण केली. त्यांनी तिला हातानंच पुढे सरकायला सांगितलं. सुगिर्ताला बसमध्ये चढवलं. चौकशी करून पाठवतो, असं नंतर आलेल्या एका दुभाष्यानं सांगितलं. त्यानंतर ती कुणाला दिसली नाही. तवमणी किती दारांपुढे उभी राहिली ते विचारू नका. सात वर्षं झाली. रडणं पहिल्याच वर्षी थांबलं होतं.

हे सगळं माहीत असूनही मी त्या दिवशी तिच्या घरी गेले आणि तोफ डागली. माझा स्वभावच तसा. म्हटलं, "पोरीची मान सडायला लागलीय. परीक्षा बुडेल. लढाई संपली, तवमणी. आता केस कापल्यानं कुणी कुणाला नेत नाही."

ती तांदूळ निवडत होती. तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मी टाकायला नको होते, अक्का."

"काय?"

"केस. पुरले मी. हातात असते तर दाखवले असते. एवढे लांब होते, आत्ताच कापलेत, बघा म्हटलं असतं. भाषा लागली नसती."

सात वर्षं ही बाई माझ्या शेजारी पाणी शेंदत होती, आणि तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला पहिल्यांदा कळलं. मी शिव्या दिल्या, त्या काळाला आणि देवाला. तिनं तांदूळ बाजूला ठेवले.

"तुझी कात्री दे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं याळिनीला पायरीवर बसवलं. उवा होत्या तरी आधी केस विंचरले, भांग पाडला, दोन वेण्या घातल्या, नेहमीसारख्या घट्ट. दोन्ही टोकांना नव्या मरून फिती बांधल्या, वरच्या बाजूला मानेजवळ दोऱ्यानं आवळलं, आणि मग दोऱ्याच्या वरून कापलं. कात्री बोथट होती, वेळ लागला. याळिनीनं मान हलवून पाहिली.

"मामी, डोकं उडून जाईल असं वाटतंय. कशी दिसते?"

"वांग्याला डोळे फुटल्यासारखी. ये, हेअरबँड देते, पैसे नकोत."

तवमणीनं दोन्ही वेण्या रॉकेलच्या पाण्यात बुडवून धुतल्या आणि दोरीवर वाळत घातल्या. मला वाटलं, बरं झालं, सुटली बाई. मनातलं बोलली, कात्री हातात घेतली, आता हळूहळू माणसांत येईल. मी तर त्या आनंदात तांदळाचा पुट्टू करून दोघींना खाऊ घातला.

याळिनीची मान बरी झाली आणि ती शाळेत जायला निघाली. आमच्या वळणावरून शाळेकडे जाताना मध्ये लष्कराचा तळ लागतो. दारावर शिपाई असतात. त्यांतला एक मध्यमवयाचा शिपाई माझ्याकडे चहा प्यायला येतो, मोडकं तमिळ बोलतो. पोरी रोज त्याच्यासमोरून जातात आणि तो मान वर करूनही बघत नाही.

त्या दिवशी याळिनीबरोबर तवमणी होती. इतकी वर्षं पोरगी एकटी जात होती, आणि तवमणीची स्वयंपाकाची वेळ तर कधीच टळून गेलेली. तिच्या हातात कापडी पिशवी होती. मी दुकानातून पाहत होते. तळाच्या दारापाशी त्या पोचल्या तसा तवमणीनं याळिनीचा हात धरला आणि ती थेट त्याच शिपायापुढे जाऊन उभी राहिली. तो गोंधळला. मी गल्ला तसाच टाकून धावले.

तिनं पिशवीतून वेण्या काढल्या होत्या. फितींसकट दोन्ही हातांवर धरून ती त्याला दाखवत होती.

"हिचे आहेत," ती सांगत होती. "एवढे लांब होते. उवा झाल्या म्हणून मी कापले. मी आई आहे. मी कापले."

याळिनीनं आईचा पदर धरून ठेवला होता. शिपायानं वेण्यांकडे पाहिलं, मग पोरीच्या डोक्याकडे, मग माझ्याकडे. मी मान हलवली. त्याला किती कळलं ते मला माहीत नाही.

"बरं, अम्मा," तो म्हणाला. "जा."

"हिला नेऊ?"

"हो. जा, अम्मा."

याळिनी तिला घेऊन पुढे गेली. शाळेच्या फाटकातून पोरगी आत गेली, तरी तवमणी बाहेर उभी होती. मग ती परत आली आणि माझ्या पायरीवर बसली.

"जा म्हणाला, अक्का," ती म्हणाली. "केस बघितले आणि लगेच जा म्हणाला."

तेव्हाच्या चौकीवर हातात केस असते तरी कुणी जा म्हटलं नसतं, हे मी तिला सांगायला हवं होतं. मी तिच्यापुढे चहा ठेवला. तो तिनं घेतला नाही. वेण्या मांडीवर ठेवून ती एकेक फीत सोडत होती आणि पुन्हा घट्ट बांधत होती.