रस्त्यावरचं मीठ

डेरिक प्रॉसरच्या घरी दोन जुन्या गाड्या होत्या. लाडकी जॅग्वार गॅरेजात, नावडती मॉरिस बाहेर पावसात. लाडकी नवऱ्याची, नावडती बायकोची, म्हणजे एनिडची. शेजारी म्हणून मी हा संसार वर्षानुवर्षं पाहिला आणि माझं मन एनिडच्या बाजूने होतं, हे आधीच सांगून टाकतो.

इंग्लंडातल्या आमच्या लडलो गावच्या पबमध्ये बसला की डेरिक जॅग्वारचं पुराण लावायचा. "शंभरच्या वर पळते, कपातला चहा हलत नाही." पळाली होती कधी? उन्हाळ्यात जुन्या गाड्यांच्या क्लबच्या प्रदर्शनाला जायची, तीही एखाद्या ट्रॅक्टरच्या मागून रांगत. बाकी दिवस तिचे कार्बोरेटर जुळवायचे, क्रोम घासायचं, कातडी सीटांना मलम चोळायचं. मॉरिस चढावर धापा टाकायची, जरा वेग घेतला की दारं खडखडायची; पण किराणा, दवाखाना, चर्च, सगळं तिनेच ओढलं. थोडं तेल, थोडं ग्रीस, एवढ्यावर ती खूश. एनिडही तशीच, असं डेरिक चारचौघांत म्हणायचा आणि हसायचा. ती हसत नसे.

तिची धाकटी बहीण ग्वेन पलीकडे वेल्सच्या डोंगरात राहायची. जानेवारीतल्या एका रविवारी फोन आला, ग्वेन शेवटच्या घटका मोजतेय, तुझं नाव घेतेय. मॉरिस नेमकी मेकॅनिककडे. तिच्या ब्रेकचं काम डेरिकने इतकं लांबवलं होतं की एनिडने शेवटी तिला तिकडे धाडलं होतं. रविवारी बस नाही, गावातली एकमेव टॅक्सी बाहेर गेलेली, मी कार्डिफला. पुढचं एनिडनेच मला सांगितलं.

"जॅग्वार काढ, डेरिक."

"बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकलंय रात्री रस्त्यावर. ते धुऊन जाईपर्यंत नाही निघत ती."

"आल्यावर मी धुते खालून."

"तुला काय कळतंय त्यातलं? पत्रा आतून गंजतो. उद्या मॉरिस येईलच की."

"उद्यापर्यंत ती राहील का?"

"उगाच डोक्यात घेतेस. ग्वेन चिवट आहे."

किल्ली त्याच्या खिशात होती. ग्वेन संध्याकाळीच गेली. एनिड पोचली ती थेट अंत्यविधीच्या तयारीला. परतल्यावर त्याबद्दल घरात ती एक शब्द बोलली नाही. डेरिकला वाटलं, विसरली. असला मूर्ख माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सहा वर्षांनी, जानेवारीतच, डेरिक झोपेत गेला. त्याची इच्छा सगळ्या क्लबला पाठ होती: शवपेटीच्या मागे पहिली त्याची जॅग्वार, आत एनिड. क्लबचे अध्यक्ष मिस्टर प्यू काळा टाय लावून दारात आले, तेव्हा मी तिथेच होतो.

"किल्ली देता, मिसेस प्रॉसर? एकदा पुसून घेतो."

"गाडी निघायची नाही," एनिड म्हणाली. "रस्त्यावर मीठ आहे."

"एका दिवसाने काय होतंय? आम्ही धुऊन देऊ."

"पत्रा आतून गंजतो, मिस्टर प्यू. तुम्हाला मी सांगायचं?"

प्यू माझ्याकडे बघायला लागले. मी बुटांकडे बघितलं. जिवाला गार वाटलं माझ्या, खोटं कशाला बोलू?

शवपेटीमागून मॉरिस धापा टाकत चढ चढली. मी एनिडच्या शेजारी बसलो होतो. चाकांखाली मीठ चुरचुरत होतं. चर्च दिसायला लागल्यावर तिने गिअर उतरवला.

"सहा वर्षं हे वाक्य तोंडात धरून होते," ती म्हणाली. "वाटलं होतं, एकदा बोलले की हलकं वाटेल."

चर्चच्या फाटकाशी तिने मॉरिस उभी केली.

"काहीच नाही वाटलं. ग्वेन माझं नाव घेत होती, तेवढंच आठवलं."