अर्धा कप चहा

धाकट्या भावाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दुपारभर सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात बसून असे. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेले एक काका होते. रोजची दारू एकदम बंद झाल्यामुळे त्यांचे हात थरथरत, चादरीवर नसलेल्या मुंग्या दिसत. त्या वेचत ते घाबरून उठू पाहत, म्हणून सकाळी कुणीतरी त्यांचे हात बँडेजने खाटेला बांधले होते.

दुपारच्या सिस्टरनी आल्या आल्या त्या गाठी सोडल्या, औषध दिलं. "काका, मला मुंग्या दिसत नाहीत. पण तुम्ही घाबरलाय ना, मी बसते इथं."

चहा आला. सिस्टरनी कप अर्धाच भरला. काकांच्या उशाशी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, काकूंनी विचारलं, "एवढासाच?"

"हात थरथरतोय. सांडला की त्यांनाच लाज वाटते. लागला तर परत देऊ."

दारू पिणाऱ्याला लाज वाटायलाच हवी, असं मीही धरून चाललो होतो. पण ज्याचे स्वतःचेच हात त्याचं ऐकत नाहीत, त्याला आणखी किती लाजवायचं?

दुसऱ्या दिवशी चहा काकूंनी ओतला. कप अर्धा झाल्यावर त्या थांबल्या. तो काकांना दिला आणि त्यांच्या थरथरत्या हातांखाली आपली ओंजळ धरून बसल्या.