वरातीला लाल झंडी

यंदाच्या अक्षय तृतीयेला, दिवेलागणीच्या वेळी, पोलादाचा कारखाना अजून उभा राहत असलेल्या भिलाईत एका सज्जन माणसावर उघड अन्याय झाला आणि तो करणारे आपलेच मराठी लोक होते. ज्यांच्यावर झाला ते माझ्या मावशीचे यजमान, रेल्वेच्या दुर्ग लाइनवर सांधे बदलणारे पॉइंट्समन, आमचे मावसाजी. रोगराईला त्यांच्याइतका घाबरणारा माणूस पृथ्वीवर नाही, आणि तिच्यापुढं त्यांच्याइतका छाती काढून उभा राहणाराही नाही.

मावसाजी जगातलं सगळं उकळतात. पाणी आणि दूध तर झालंच, पण वस्तरा, वाट्या, मुलांच्या गोट्यासुद्धा. राजनांदगावच्या पाहुण्यांना पडसं होतं म्हणून त्यांनी त्यांचा टॉवेल उकळला. टॉवेलाचा रंग गेला आणि मागोमाग पाहुणेही गेले. भजनात कोणी खोकलं की ते टाळ न थांबवता वाऱ्याची दिशा बघतात आणि सरकत सरकत जागा बदलतात. ड्यूटीतून बाद झालेली एक लाल झंडी सदैव त्यांच्या काखेत असते. सुपेल्याच्या बाजारात जिलबीवर माशा दिसल्या तेव्हा ती उघडून ते दुकानापुढं नुसते उभे राहिले. गिऱ्हाइकं थबकली, सायकली थांबल्या, शेवटी हलवायानं हात जोडून परातीवर आपला पंचा टाकला. मावसाजींनी तो पंचाही उकळून आणायला लावला.

देवीची लस टोचून घ्या म्हणून मी घरोघर पत्रकं वाटतो. लोक त्यात फुटाणे बांधतात. मावसाजींची झंडी मात्र अक्षरशत्रूलाही वाचता येते. ताप आणि पुरळ असलेल्या घराच्या दाराला ते ती बांधून येत, आणि लोक चिडत. चिडणारच. घरात देवी आली म्हटलं की आपल्याकडे अख्खी आळी लेकरं कडेवर घेऊन पाया पडायला जाते. रोगाची याहून चांगली सोय कोणी शत्रूनं तरी केली असती का?

आणि मग त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं. मांडव पडला, बुंदी पाडून झाली, गोंदियाची वरात दुर्गला उतरून बांधकामाच्या ट्रकमधून निघाली, आणि दुपारी धाकट्याला ताप भरून अंगावर फोड दिसले. मावशीनं त्याला मागच्या खोलीत निजवून पांघरूण घातलं आणि नवऱ्यापुढं हात जोडले. आजचा दिवस गप्प राहा, एवढंच तिचं म्हणणं. मावसाजींनी वऱ्हाडाच्या जेवणाची सोय रस्त्यापलीकडे आमच्या अंगणात करायला सांगितली आणि वाजंत्री ऐकू येताच नवीन धोतर नेसून, झंडी उघडून, स्वतःच्याच दारात उभे राहिले.

नवरदेवाचे वडील ट्रकमधून उतरले. आधी समजावणी झाली. "अहो, पोरगा मांगं झोपला हाय ना? अर्ध्या घंट्यात लगन लावतो अन् निघतो आमी. दुनियेले कावून सांगून राहिले?"

"सिग्नल लाल हाय," मावसाजी म्हणाले.

"हे लगन हाय का मालगाडी?"

"माणसं भरेल हायेत, म्हणूनच उभी करून राहिलो."

वरात लग्न मोडून, न जेवता परत गेली. आठवडाभर आमच्या आळीनं बुंदी खाल्ली आणि खाता खाता मावसाजींना नावं ठेवली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. फोड पोटापाठीवर जास्त, तळहात साफ, एक फोड ताजा तर शेजारच्यावर खपली. म्हणजे देवी नव्हे, कांजिण्या. झालं! कांजिण्यांपायी पोरीचं लग्न मोडलं म्हणून लोक पोट धरून हसले. मांडव बांधायला आलेल्यांच्या घरी त्याच कांजिण्या पोहोचल्या, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही आणि कोणी कबूलही केलं नाही. मी मावसाजींना विचारलं, पस्तावा होतो का? ते म्हणाले, "पुढं लाइन खाली होती का भरेल, हे गाडी थांबल्यावर समजते, बाबू."

मुलीलाही विचारलं. "राग आला ना, दादा. लय आला. पण मी तशीच गेली असती अन् त्याह्यच्या घरची लेकरं पडली असती, तं मले उमरभर काय म्हटलं असतं?"

तेव्हापासून तिला एकही स्थळ आलेलं नाही. गोंदियाकडे बोभाटा असा, की त्या घरात देवी आहे आणि बाप वेडा आहे. बाप संध्याकाळी ओट्यावर बसतो आणि लांबून बँड ऐकू आला की मुलीला काहीतरी काम सांगून आत पाठवतो.

मला हे बघवत नाही. म्हणून तुमच्या घरी लग्नाचा मुलगा असेल तर सरळ सांगतो, या रविवारी त्याला घेऊन मावसाजींकडे जा. मुलगी बघा, बापही नीट बघा. चहा देण्याआधी ते तुम्हाला बाही वर करून दंडावरचा टोचल्याचा वण दाखवायला सांगतील. दाखवा. वण नसेल तर शनिवारीच टोचून घ्या, पण जा.