गिटारीच्या पोटातला टेलिफोन

आमच्या घरात बोलणं पाटीवर चालायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, विषमज्वरातून उठले आणि त्यांचे कान गेले. अगदी सगळं गेलं नव्हतं. ढग गडगडले किंवा गिरणीचा भोंगा झाला तर त्यांना काहीतरी कळायचं. पण माणसांचं बोलणं गेलं. मास्तरकीत उभी हयात पोरांना पाटीवर लिहायला लावलं, आणि आता आम्ही त्यांच्यासाठी पाटीवर लिहू लागलो. पाटी त्यांच्या बैठकीशेजारी भिंतीला टेकवलेली असे, पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली. आम्ही लिहायचो, ते वाचायचे आणि तोंडानं उत्तर द्यायचे. उत्तर मात्र असं खणखणीत, की शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळाला आमच्या घरातलं काहीही नवं नसे. स्वतःचा आवाज केवढा निघतो हे त्यांना कळत नव्हतं. ‘आमटीत मीठ नाही’ असं ते म्हणाले, की समोरच्या तेलुगू विणकरांच्या घरातली बाई दारात येऊन विचारायची, “मीट देऊ का, मास्तरला?”

घरात आम्ही तिघंच. आई मी लहान असतानाच गेली. माझी थोरली बहीण, अक्का, मुलींच्या शाळेत शिकवायची. तिचं लग्न झालं नव्हतं. त्याची कारणं घराघरांत असतात तशीच होती, आणि ती उगाळण्यात मला रस नाही. मी एका कापडगिरणीत विजेच्या खात्यात वायरमन. मास्तरांचा मुलगा वायरमन झाला म्हणून नातेवाईक हळहळायचे. मला मात्र तारा आवडायच्या, त्याला मी काय करू?

अक्का गायची. लहानपणापासून अण्णांनीच तिला शिकवलं होतं, तंबोऱ्यावर, सकाळी शाळेआधी. तिचा आवाज गोड, पण एक खोड होती. वरचा गंधार आला, की तिचा सूर जरासा खाली घसरायचा. अण्णा डोळे मिटून बसलेले असत, गंधार घसरला, की त्यांचं बोट वर जाई आणि ते म्हणत, “गंधार! वर, वर!” हे मी इतक्यांदा ऐकलं होतं, की कधी शेजारणीच्या परड्यातला कोंबडा आरवला तरी मी त्याला “वर, वर” म्हणायचो आणि अक्काच्या हातचा धपाटा खायचो.

दुखण्यातून अण्णा उठून बसू लागले तेव्हाची गोष्ट. अक्कानं एका सकाळी त्यांच्यापुढे तंबोरा जुळवला आणि गायला सुरुवात केली. तिला वाटलं असावं, बाकी काही नाही तरी हे त्यांना ऐकू जाईल. अण्णा बघत राहिले. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि त्यांच्यापर्यंत काहीही पोहोचत नव्हतं. एकाएकी ते ओरडले, “बंद कर! माझ्यापुढे तोंड हलवू नकोस!”

सगळ्या बोळानं ते ऐकलं. अक्कानं तंबोरा गवसणीत घातला, खुंटीला टांगला, आणि त्यानंतर ती गायली नाही. घरात नाही, शाळेत नाही. प्रार्थनासुद्धा मुलींकडून म्हणवून घ्यायची आणि आपण मुकाट्यानं उभी राहायची. सहा वर्षं. बापाचा हट्ट लेकीत पुरेपूर उतरला होता. अण्णांना आपलं चुकलं हे कळत होतं, याबद्दल मला शंका नाही. त्या खुंटीकडे बघताना मी त्यांना पाहिलंय. पण चुकलं म्हणून सांगणं ज्यांनी जन्मात कधी केलं नाही, त्यांना ते म्हातारपणी कुठून जमणार? त्या दोघांचा मला फार राग यायचा. आणि दोघांसाठी जीवही तुटायचा.

अशात गिटार आली. रेल्वेच्या वसाहतीत एक गोव्याकडचा गार्ड राहायचा. त्याच्या मुलींना अक्का मराठी शिकवायला जायची. त्याची बदली झाली तेव्हा सामान आवरताना त्याच्या बायकोनं ही जुनी, बाजूला चीर गेलेली गिटार अक्काला देऊन टाकली. तंबोऱ्याला हात लावायचा नाही असं अक्कानं ठरवलं होतं. गिटारीबद्दल मात्र काहीच ठरलं नव्हतं, कारण असलं वाद्य आमच्यात कुणी पाहिलेलंच नव्हतं.

ती कशी धरतात हे त्या बाईनं दाखवलं होतं. अक्काला ते पटलं नाही. “हे असं आडवं पोटाशी धरायचं? पोराला पाजायला घेतल्यासारखं?” म्हणून तिनं ती तंबोऱ्यासारखी उभी धरली. भोपळा मांडीवर टेकतो तशी खालची पेटी मांडीवर, छातीशी लागलेली, आणि दांडा गालाजवळून वर. दांडा तंबोऱ्याहून आखूड, त्यामुळे तिची हनुवटी त्यावर टेकायची. तारा तिनं षड्ज-पंचमात लावून घेतल्या आणि उभ्या गिटारीवर बोटं चालवत हळूहळू तिची तिची वाजवायला शिकली. कुणी जाणता बघता तर कपाळाला हात लावता. पण जाणता आणायचा कुठून?

“हिच्यावर गंधार पडत नाही बघ,” एकदा ती मला म्हणाली. दांड्यावर पितळी पट्ट्या पक्क्या बसवलेल्या होत्या. बोट ठेवलं, की सूर जिथल्या तिथे. ते बोलताना ती हसली, आणि मला उगीचच वाईट वाटलं.

त्या दुपारी मला अजून दिसतात. अक्काची शाळा सकाळची असे, आणि माझीही सकाळची पाळी असली, की तिसऱ्या प्रहरी मी घरी असे. उन्हानं बोळ पांढरा पडलेला. समोरच्या घरातल्या मागाची खटखट, दोरीवर वाळत घातलेल्या रंगवलेल्या सुताचा ओला वास, आणि अर्धवट लोटलेल्या दाराआड अक्काची गिटार. तारांचा आवाज इतका मऊ, की मागाची खटखट थांबे तेव्हाच तो नीट कानी पडायचा. अण्णा तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलेले, हातात माळ, नजर तिच्या बोटांवर. झोप आणि जाग यांच्यामध्ये कुठेतरी आम्ही तिघं असायचो. एवढ्या जवळ बसून त्यांना यातलं काही मिळत नाही, हे मला सोसवेना.

गिरणीच्या कचेरीतला एक टेलिफोन बाद झाला होता. भांडारातला म्हातारा मुकादम म्हणाला, “न्या की. लई दिस पडलाय हितं. कुनाला पायजेल हाय त्यो?” मी घरी आणून तो खोलला. बोलायच्या तोंडात कोळशाची बारीक कणी भरलेली एक चपटी डबी असते. आवाजानं ती कणी हलते, तशी तारेतली वीज कमीजास्त होते, आणि दुसऱ्या टोकाला कानाशी धरलेल्या रिसीव्हरात तोच आवाज उमटतो. दोन कोरडे सेल जोडले, की काम झालं. मी म्हटलं, डबी गिटारीच्या तोंडाशी बसवू आणि रिसीव्हर अण्णांच्या कानाला लावू.

अक्कानं अट घातली. “खिळा मारायचा नाही. भोक पाडायचं नाही. आधीच तिला एक चीर आहे.”

मग मी बांबूची एक कामटी तासली, तिच्या दोन टोकांना बाटलीच्या बुचाचे तुकडे खोचले आणि मधोमध डबी बांधली. कामटी जरा वाकवून तारांखालून गिटारीच्या भोकात सरकवली, की बुचं कडांना घट्ट धरून बसत. काढायची तर पुन्हा वाकवायची. लाकडाला ओरखडासुद्धा नाही. माझ्या आयुष्यात मी गिरणीतल्या मोठमोठ्या विजेच्या मोटारी जोडल्या, पण त्या कामटीइतका अभिमान मला कशाचाच वाटला नाही.

बसवून झाल्यावर मी तारा छेडून पाहिल्या. रिसीव्हरात आवाज जाडाभरडा, पण दणदणीत. अण्णांच्या हातात रिसीव्हर दिला. अक्का वाजवू लागली.

अण्णांच्या चेहऱ्यावर आधी नुसतं आश्चर्य दिसलं, मग लहान मुलासारखं हसू. आणि मग ते हसू थांबलं. त्यांनी रिसीव्हर कानापासून काढला, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा लावला. मला खुणेनं पाटी मागितली. हे नवलच होतं. पाटीवर लिहायचो आम्ही, ते कधीच नाही. त्यांनी लिहिलं, ‘ती गाते आहे.’

मी अक्काकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. मी अण्णांच्या हातून रिसीव्हर घेऊन कानाला लावला. तारांच्या खरखरीखाली, खूप खोलवर, एक आवाज चालला होता. शब्द नव्हते, नुसता सूर. हनुवटी दांड्यावर, पेटी छातीशी. गळ्यातलं सगळं लाकडात उतरत होतं आणि लाकडातून डबीत. ती मिटल्या तोंडानं गात होती, आणि तिला स्वतःला त्याचा पत्ताच नव्हता. सहा वर्षांनी मी तिचा गाता आवाज ऐकला. माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायला मी खाली वाकून सेल तपासू लागलो.

अण्णांनी घाईघाईनं धोतराच्या सोग्यानं पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, ‘सांगू नकोस. बंद करील.’ तेही लगेच पुसलं. तोंडानं बोलले असते तर अक्कासकट बोळभर झालं असतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

“काय लिहिलं रे?” अक्कानं विचारलं.

“आवाज फाटतो म्हणतात,” मी म्हणालो.

त्यानंतर कितीतरी महिने ती दुपार रोज येत राहिली. वाजवून झालं, की अक्का कामटी काढून कोनाड्यात ठेवायची. दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः उठून ती आणायचे आणि जपून बसवायचे. कोळशाची कणी मधूनच दाटून बसे आणि आवाज मरे; मग डबीवर टिचकी मारावी लागे. तेही ते शिकले. डबीत बोललेले शब्द त्यांना उमगत नसत, सूर मात्र पोहोचत. डोळे मिटून, रिसीव्हर कानाशी धरून, मान किंचित हलवत ते बसायचे. मी बाजूला चटईवर पडून त्यांच्याकडे बघायचो. तेवढा वेळ ते बहिरे नव्हते.

एकदा अक्का वैतागली. “काढ रे हे कायमचं. तार लागते त्याला, नुसती गुणगुण होते.” अण्णांना शब्द कळले नसतील, पण कामटीकडे गेलेला तिचा हात दिसला. “राहू दे!” ते म्हणाले, आणि समोरची बाई दाराशी आली. मी गुपचूप डबी दोन सूत, म्हणजे पाव इंचभर, खाली बांधली.

हे गुपित किती दिवस निभावेल, याची मला सारखी धाकधूक असायची. तिला कळलं, की ती गिटारही गवसणीत घालणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मग त्यांना दुसऱ्यांदा बहिरेपण आलं असतं, आणि या खेपेला ते माझ्यामुळे.

आणि तो दिवस आला. उन्हाळा सरत आला होता. अक्का एक जुनी चाल वाजवत होती, तिला अण्णांनीच शिकवलेली. अण्णांचे डोळे मिटलेले. चाल वर चढली, आणि एकदम अण्णांचं बोट वर गेलं.

“गंधार! वर, वर!”

अक्काचा हात थांबला. तिनं दांड्यावरच्या आपल्या बोटाकडे पाहिलं. बोट पट्टीवर जिथल्या तिथे होतं. तिनं कामटीकडे पाहिलं, मग आपला हात सावकाश गळ्यावर ठेवला.

“मी गाते?” तिनं मला विचारलं.

मी मान हलवली.

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

अण्णांनी डोळे उघडले होते. काय झालं ते त्यांच्या ध्यानात आलं. रिसीव्हर कानाशी तसाच धरून ते तिच्याकडे बघत राहिले, आणि एवढा करारी माणूस मला त्या क्षणी फार घाबरलेला दिसला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अक्का, उठू नकोस.

तिनं पाटी ओढून घेतली आणि लिहिलं. मला उलटं दिसत होतं, तरी वाचता आलं. ‘पुन्हा म्हणू?’

अण्णांनी वाचलं.

“म्हण!” ते म्हणाले. “म्हण, बाळ, म्हण!”

जेवढ्यांनी तेव्हा ‘बंद कर’ ऐकलं होतं, तेवढ्या सगळ्यांनी हे ऐकलं. समोरचा माग थांबला. अक्कानं कामटी वाकवून गिटारीतून बाहेर काढली, गिटार भिंतीशी टेकवली आणि डबी ओठांसमोर धरली. मग तिनं तोंड उघडलं.

आवाज सुरुवातीला गंजलेला होता, दोनदा फुटला. अण्णा रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबून बसले होते. गंधार येताना त्यांनी बोट वर केलं, आणि ते तसंच वर राहिलं. खाली आणायचं त्यांना सुचलं नाही.